सकाळी बोटं वळत नाहीत, संधिवाताची 'आरए फॅक्टर' ही रक्ततपासणी मात्र निगेटिव्ह. थांबावं की संधिवाततज्ज्ञाकडे जावं?

प्रश्न: रावपुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात राहते, वय ३६. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, रात्री अजून अंगावर पितो.

नवरात्र संपता संपता दोन्ही हातांची बोटं दुखायला लागली. सुरुवातीला वाटलं, दिवसभर कीबोर्ड आणि घरी आल्यावर मुलाला कडेवर घेणं, त्याचाच ताण असेल. दिवाळीपर्यंत बोटांची मुळं सुजली. आता सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही आणि गॅसचं बटण दोन्ही हातांनी फिरवते. कणीक सासूबाई मळतात. दहा वाजायला आले की बोटं हळूहळू मोकळी होतात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीपर्यंत तर मला काही झालंय असं कुणाला वाटणारही नाही. पायातली जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवली. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की चवड्याखाली खडे आहेत असं वाटतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलं. रिपोर्ट असे: आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा आकडा) ५६, हिमोग्लोबिन १०.२, हातांचा एक्स-रे नॉर्मल. ते म्हणाले, आरए निगेटिव्ह आहे तेव्हा काळजी नको, दोन महिने गोळ्या घेऊन बघू.

सासूबाईंच्या मते हा बाळंतपणातला वात आहे, शेक-शेगडी नीट झाली नाही म्हणून आलेला. शेजारच्या बेन पादरा गावच्या कुणाच्या तरी पुड्या आणून द्यायला तयार आहेत, त्यांच्या सासऱ्यांना दोन दिवसांत आराम पडला म्हणे. डिसेंबरात दिराचं लग्न आहे, त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं की एकदा लग्न आणि उत्तरायण (संक्रांत) होऊ दे, मग मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. मला मात्र भीती वाटते आहे. खरंच थेट संधिवाताच्या स्पेशालिस्टकडे जावं का? की एवढ्यात जाणं म्हणजे उगाच घाई?

तांदळजा_रोड

माझ्या वडिलांना गेल्या पावसाळ्यानंतर असंच झालं होतं. हात, मनगटं, घोटे, सगळं सुजलं. पण त्यांना आधी सणसणून ताप आला होता, अंगावर पुरळही उठलं होतं. चिकुनगुनिया निघाला. चार-पाच महिन्यांत हळूहळू उतरलं. तुम्हाला ताप आला होता का? आमच्या गल्लीत त्या वर्षी घरटी एक पेशंट होता, म्हणून विचारतो. तसं असेल तर वेळ जाऊ द्यावा लागतो.

सुरसागर_६२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. स्पेशालिस्टकडे गेलात की ते मेथोट्रेक्सेट सुरू करतात, आणि ती कॅन्सरची गोळी आहे. माझ्या मावसबहिणीला दिली होती. केस गळतात, लिव्हर खराब होतं आणि एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही. त्यात तुम्ही लेकुरवाळ्या. आधी पथ्य पाळा: दही, वांगं, आंबट बंद करा, एरंडेल घ्या, एखाद्या चांगल्या वैद्यांना दाखवा. सहा महिने देऊन बघा. जोरदार औषध शेवटी असतंच.

निवृत्त_लॅबवाली

बाळ, तुझ्या वयाची माझी सून आहे, म्हणून अगं-तुगं करते. मी डॉक्टर नाही. दांडिया बाजाराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभा जन्म गेला. रक्त काढलं, स्लाइडी बघितल्या, रिपोर्ट लिहिले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, मग बाकीचं: थांबू नकोस. लग्नाच्या खरेदीला जायच्या आधी संधिवाततज्ज्ञाची वेळ घे.

रक्त काढताना आम्ही सांगतो, मूठ घट्ट आवळा, म्हणजे शीर वर येते. सकाळी साडेसातला येणाऱ्या काही बायकांची मूठ अर्ध्यावरच थांबायची, नखं तळव्याला टेकायचीच नाहीत. त्या ओशाळून म्हणायच्या, 'सकाळ आहे ना, अकरापर्यंत वळतील.' चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं सीबीसी, शुगर, कॅल्शियम. किती दिवस झाले विचारलं की कोणी सांगायची वर्ष, कोणी दोन वर्षं. दुपारपर्यंत बरं वाटतं म्हणून घरच्यांना ते दुखणं दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याला आजार मानत नाहीत. तुझं ऑफिसातलं वाक्य वाचलं आणि त्या सगळ्याजणी डोळ्यांपुढे आल्या.

तू जे लिहिलं आहेस ते नीट बघ. दोन्ही हात सारखे. बोटांची मुळं. पायाचे चवडे. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त, हालचालीने कमी होणारा. ईएसआर वाढलेला, हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं. वयामुळे सांधे झिजतात त्यात बहुधा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो, दुखणं काम केल्यावर वाढतं आणि गाठी बोटांच्या टोकाकडच्या पेरांवर येतात. तुझ्या लक्षणांवरून ज्याची शंका येते त्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आरए नावाच्या संधिवातात, ती टोकाची पेरं बहुतेक वेळा सुटतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट जास्त होतो, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात तो पहिल्यांदा डोकं वर काढतो हेही चांगलं माहीत असलेलं आहे. सासूबाईंनी बाळंतपणाशी संबंध जोडला त्यात त्यांचं निरीक्षण खोटं नाही. फक्त शेगडीने हा टळला नसता. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, त्यातून हा होतो.

आता आरए फॅक्टर. या तपासणीने लोकांचा जेवढा वेळ खाल्ला आहे तेवढा दुसऱ्या कशाने खाल्ला नसेल, आणि हे मी ती स्वतःच्या हाताने करत आलेली बाई म्हणून सांगते. नॉर्वेच्या एरिक वालरने १९४० मध्ये मेंढीच्या रक्तपेशी वापरून ती पहिल्यांदा मांडली, पुढे लॅटेक्सच्या कणांची स्लाइड आली, आता मशिनं आकडा देतात. पण रुमॅटॉइड असलेल्या शंभर जणांपैकी वीस-तीस जणांत हा फॅक्टर सापडत नाही, आणि आजार नवा असताना तर सापडण्याची शक्यता आणखी कमी. उलट सत्तरीतल्या ठणठणीत माणसात, टीबीत, हिपॅटायटिस सीमध्ये तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर निदान बरंच पक्कं होतं, कधी कधी तर दुखणं सुरू व्हायच्या काही वर्षं आधीपासून ती पॉझिटिव्ह असते. पण तीही निगेटिव्ह आली म्हणून सुटका झाली असं नाही. एक्स-रेचंही तेच. हाड कुरतडलं गेल्यावर एक्स-रेत दिसतं, आणि ते दिसायच्या आत उपचार व्हावेत यासाठीच तर सगळी धडपड. अस्तराची सूज सोनोग्राफीत त्याच्या आधी दिसते. तज्ज्ञ तुझ्या बोटांच्या मुळांवर आडवा हात धरून दाबेल, एकेक सांधा चाचपेल, मनगट वळवून बघेल. कागदावर निगेटिव्ह लिहिलं असलं तरी सुजलेला सांधा त्याच्या बोटांना कळतो.

घाई कशासाठी, ते माझ्या थोरल्या बहिणीवरून सांगते. अक्काचे हात १९८१ मध्ये सुजले. आमच्या वाड्यात गणपतीला मोदक तीच वळायची, इतक्या बारीक कळ्या की पाहुणे मोजत बसायचे. त्या काळी ॲस्पिरिन द्यायचे, कानात गुंई गुंई आवाज यायला लागेपर्यंत, मग डोस थोडा कमी करायचा. सोन्याची इंजेक्शनंही झाली. मेथोट्रेक्सेट रुमॅटॉइडसाठी अमेरिकेत मान्य झालं १९८८ मध्ये, आणि आमच्या अक्कापर्यंत पोचलं त्याच्याही बऱ्याच नंतर. ते सुरू झालं आणि तिची सूज उतरली, ईएसआर खाली आला, रात्रीची झोप लागली. मी स्वतः तिचं रक्त तपासत होते, आकडे उतरताना बघत होते. पण बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती ती झुकलेलीच राहिली. ब्लाउजची हुकं तिला शेवटपर्यंत लावता आली नाहीत. औषधाने आग विझते, जळालेलं घर परत उभं राहत नाही.

आणि त्याच काउंटरवरचा दुसरा माणूस सांगते. मकरपुऱ्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा मुलगा, हात सुजल्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच अँटी-सीसीपीची चिठ्ठी घेऊन आला, कारण त्याच्या कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला गोळ्यांवर न ठेवता सरळ तज्ज्ञाकडे पाठवलं होतं. रिपोर्ट चांगलाच पॉझिटिव्ह. मी निवृत्त होईपर्यंत तो दर तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिनला, म्हणजे रक्तपेशी, लिव्हर आणि मूत्रपिंड तपासून घ्यायला, येत राहिला. लेथ सोडली नव्हती. मूठ आवळा म्हटलं की कडक आवळायचा, मला तेवढ्यानेच बरं वाटायचं.

एकाचं वाईट झालं, एकाचं चांगलं, एवढ्यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. अक्कामुळे मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचत गेले. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ५९८ रुमॅटॉइड पेशंटांचा हिशेब मांडला. त्यातले ६९ टक्के लोक लक्षणं सुरू झाल्यावर १२ आठवडे उलटून तज्ज्ञासमोर पोचले होते. सहा वर्षांच्या अवधीत या उशिरा आलेल्यांच्या सांध्यांची नासधूस वेळेवर आलेल्यांच्या १.३ पट निघाली, आणि औषध पूर्ण बंद करूनही आजार शांत राहण्याचं भाग्य त्यांना कमी लाभलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते की सांधा सुजल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने बघावं आणि आजार टिकून राहण्याचा धोका दिसत असेल तर तीन महिन्यांत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. तुझी नवरात्र ऑक्टोबरात झाली. उत्तरायणापर्यंत थांबलीस तर ते तीन महिने संपलेले असतील.

तांदळजा रोडवाल्या दादांनी चिकुनगुनियाचं विचारलं ते योग्यच विचारलं. तो अगदी असाच दिसू शकतो. पण त्यातही सांधे तीन महिन्यांहून जास्त सुजलेले राहिले तर बघायचं तज्ज्ञानेच, कारण काहीजणांत तो रुमॅटॉइडसारखाच हट्टी होतो. तेव्हा ताप आला असो वा नसो, पत्ता एकच.

पुड्यांना हात लावू नकोस. हे हात जोडून सांगते. दोन दिवसांत ज्याने आराम पडतो त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी रुमॅटॉइडच्या एका पेशंटला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. जगाला चमत्कार वाटला, १९५० मध्ये नोबेल मिळालं, आणि मग दुष्परिणाम दिसायला लागले. पुड्या घेणारे लोक आमच्याकडे शुगर तपासायला यायचे, गोल झालेला चेहरा घेऊन. हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि पुडी अचानक बंद केली तर जीवावर बेतू शकतं. तज्ज्ञसुद्धा स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोड्या आठवड्यांसाठी, मूळ औषधाचा परिणाम दिसेपर्यंतचा आधार म्हणून. त्या पुडीत किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

रावपुऱ्याची_सून

काकू, तुमचं उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं, मग सासूबाईंनाही. अक्कांच्या ब्लाउजच्या हुकांपाशी सासूबाई गप्प झाल्या. त्यांच्या आईचेही हात तसेच झुकलेले होते, हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. ताप मला आला नव्हता.

आता सुरसागर दादांनी लिहिलं आहे त्याची भीती मनात आहे, लपवत नाही. बाळ अंगावर पितं आहे. दुसरं मूल हवं की नको हे अजून ठरलेलं नाही. कॅन्सरची गोळी आयुष्यभर घ्यायची कल्पना करवत नाही. आणि अजून एक. ऑर्थोपेडिक डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे गेलं तर चालेल का?

अलकापुरी_टू_औंध

मी पेशंट म्हणून लिहिते. माहेर बडोदा, सासर पुणे. मला रुमॅटॉइड झाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, लग्न नुकतंच झालं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईला हाच आजार होता, तिने माझी बोटं बघितली आणि हाताला धरून तज्ज्ञाकडे नेलं. तेव्हा तिचा राग आला होता. आज तिच्यामुळे माझे हात सरळ आहेत.

मुलाचा विचार आहे हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी त्याप्रमाणे सगळं आखलं. आधी दीड वर्ष मेथोट्रेक्सेट, त्या काळात गर्भनिरोधक अगदी सक्तीने. आजार आटोक्यात आल्यावर मेथोट्रेक्सेट थांबवलं, मध्ये ठरावीक महिने जाऊ दिले, मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिनवर ठेवून गरोदर राहिले. ही दोन औषधं गरोदरपणात चालतात. नऊ महिने तर फारच सुखाचे गेले, कारण पोटात बाळ असताना हा आजार पुष्कळजणींत आपोआप मवाळ होतो. बाळंतपणानंतर मात्र जोरात उसळला, पण डॉक्टरांना ते अपेक्षितच होतं, तयारी होती. माझी मुलगी आता दुसरीत आहे.

तेव्हा 'लेकुरवाळी आहे म्हणून जाऊ नको' हे मला अजिबात पटत नाही. लेकुरवाळी आहे म्हणूनच ज्याला हे सगळे हिशेब येतात त्याच्याकडे जायचं. फॅमिली डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्याकडे दिवसाला शंभर पेशंट आणि त्यातले वीस गुडघ्यांचे. त्यात आमच्यासारखी एखादीच.

निवृत्त_लॅबवाली

औंधच्या ताईंनी औषधांचं इतकं छान लिहिलं की माझं काम हलकं झालं. राहिलेलं सांगते.

सुरसागर दादा, मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात ही गोष्ट खरी. पण तिथे काही कॅन्सरांत ते ग्रॅमच्या हिशेबाने शिरेतून देतात आणि इथे आठवड्यातून एकदा साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. केस थोडे गळू शकतात, मळमळ होते, लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर सोबत फॉलिक ॲसिड देतात आणि रक्त तपासत राहतात. लिव्हरचा आकडा वर गेला की डॉक्टर डोस कमी करतात, थांबवतात, दुसरं औषध काढतात. हे डोळ्यांत तेल घालून केलेलं काम आहे, आणि ते मी काउंटरच्या अलीकडून वर्षानुवर्षं पाहिलं. तुमच्या मावसबहिणीचा अनुभव मी नाकारत नाही. पण उपचार न केलेला रुमॅटॉइडही शरीराला सोडत नाही. तो सांध्यांवर थांबत नाही, फुप्फुसांत जातो, रक्त कमी करतो, हृदयविकाराचा धोका वाढवतो. आणि रोजच्या दुखण्याच्या गोळ्या, ज्यांना कुणी घाबरत नाही, त्या पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात, सांध्याची झीज मात्र थांबवत नाहीत. वैद्यांचं पथ्य पाळायला माझी हरकत नाही. त्यासाठी सहा महिने द्यायला माझी हरकत आहे, कारण नेमके तेच सहा महिने परत मिळत नाहीत.

बाळ, तू अंगावर पाजतेस तोवर मेथोट्रेक्सेट देत नाहीत, तेव्हा त्याची आज धास्ती घेऊ नकोस. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पाजतानाही चालतं, त्यासाठी सुरुवातीला डोळे तपासून घेतात. काय द्यायचं ते तज्ज्ञ ठरवेल. पुढे कधी मेथोट्रेक्सेट लिहिलंच, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेव: आठवड्यातून एकदा. रोज नाही. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने लोक ती रोज घेतात, आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. एक वार ठरवायचा, कॅलेंडरवर खूण करायची, औषधाच्या दुकानातून पाकीट आणलं की त्यावर तो वार मोठ्या अक्षरात लिहायचा. तोंडात फोड आले, ताप आला, खोकला येऊन दम लागायला लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर 'काही उपयोग नाही' म्हणून सोडायची नाही.

खर्चाचं तू विचारलं नाहीस, पण घरात निघेलच. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन तिन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि महाग नाहीत. महाग असतात ती बायोलॉजिकल इंजेक्शनं, आणि ती पहिल्या औषधांनी भागलं नाही तरच काढतात. तेही टीबी लपलेला नाही ना हे तपासून, आपल्याकडे ते फार गरजेचं. लवकर सुरुवात झाली तर पुष्कळांना त्या इंजेक्शनांपर्यंत जावंच लागत नाही.

ऑर्थोपेडिक डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून त्यांच्याकडे जाऊ नकोस. ते हाडांचे सर्जन, सांधा बदलायची वेळ आली तर त्यांच्यासारखं कुणी नाही. तुला हवा तो रुमॅटॉलॉजिस्ट, ज्याने एमडीनंतर या विषयातलं डीएम किंवा डीएनबी केलं आहे. पाटीवर नुसतं 'संधिवात' लिहिलेलं असेल तर डिग्री विचार, त्यात संकोच कसला. अशी माणसं देशात कमी आहेत, पण बडोद्यात आहेत, अहमदाबादला आणखी आहेत. वेळ उशिराची मिळाली तर रिसेप्शनवर सांग की सांधे नव्याने सुजले आहेत आणि मी पाजती आई आहे. पुढची तारीख पुष्कळदा अलीकडे येते.

जाताना सकाळी उठल्या उठल्या सुजलेल्या बोटांचे आणि मुठीचे फोटो मोबाइलमध्ये काढून ने, कारण तुझा नंबर लागेपर्यंत बोटं मोकळी झालेली असतील. सकाळी किती वाजता उठतेस आणि हात केव्हा चालायला लागतात ते लिहून ने. आता सासूबाईंच्या आईच्या झुकलेल्या हातांचं. तो रक्ताचा संबंध तुझा नाही, नवऱ्याचा आहे, त्यामुळे तुझ्या निदानात तो धरला जाणार नाही. पण सासूबाईंनाही कधी सकाळी बोटं ताठ वाटतात का, हे या निमित्ताने त्यांना विचार.

तांदळजा_रोड

काकू, 'वेळ जाऊ द्यावा' हे माझं वाक्य मागे घेतो. वडिलांच्या एका मनगटाला अजून थोडी सूज आहे, आम्ही ते वयावर ढकललं होतं. त्यांनाही दाखवून घेतो.

रावपुऱ्याची_सून

गुरुवारची वेळ मिळाली. पाजती आई आहे असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःहूनच अलीकडची दिली. नवरा अर्धी रजा टाकतोय आणि सासूबाई म्हणाल्या, मीही येते, मलाही विचारायचं आहे. काकू, शेवटचं एक: रक्त तपासायला उपाशी पोटी जावं लागेल का? आणि अँटी-सीसीपी आधीच करून रिपोर्ट हातात घेऊन गेले तर बरं पडेल का?

निवृत्त_लॅबवाली

ईएसआर, सीआरपी, सीबीसी, अँटी-सीसीपी, लिव्हर, क्रिएटिनिन, यातल्या कशालाही उपाशी राहावं लागत नाही. पाजणारी आहेस, पोटभर खाऊन जा. तपासण्या तज्ज्ञ लिहून देतील तेव्हाच कर, नाहीतर एकच गोष्ट दोनदा होते आणि पैसे जातात. अँटी-सीसीपी सगळ्या लॅबमध्ये त्याच दिवशी लावत नाहीत, नमुने साठवून एकदम लावतात, रिपोर्टला एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. तेवढ्यासाठी गुरुवार पुढे ढकलू नकोस. सासूबाईंचं नाव वेगळ्या केसपेपरवर लिहायला सांग.